दोन अंगठ्यांची ठेव

माझ्याकडे कोणी पैशाचा सल्ला मागायला आलं की मी विषय बदलतो. घरच्यांना वाटतं, म्हातारपणामुळे मी तिरसट झालो आहे. तिरसट मी आहेच आणि पहिल्यापासून आहे. पण सल्ल्याच्या बाबतीतलं कारण वेगळं आहे. चोविसाव्या वर्षी मी एका बाईला तिच्याकडे आलेल्या पैशाबद्दल सल्ला दिला होता. हिशेबानं तो बरोबर होता. आज कोणी कागद-पेन्सिल घेऊन बसलं तरी तो बरोबरच निघेल, आणि मला नेमकी त्याचीच चीड येते.

कोल्हापूरचं राज्य विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी एका लहानशा सहकारी बँकेत कारकून होतो. बँक म्हणजे दोन खोल्या, एक तिजोरी, चार टेबलं आणि सगळ्यांवर डोळा ठेवून बसलेले आमचे मॅनेजर. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत मात्र मी बँकेचा मालक असल्यासारखा वावरत असे. गल्लीत पैलवान होते, गवंडी होते, चपला शिवणारे होते, फुटबॉलचा सामना असला की हातातलं काम टाकून मैदानाकडे पळणारे तर सगळेच होते. पण खिशाला फाउंटन पेन लावून रोज ठरल्या वेळी कामावर जाणारा मी एकटाच. लोक पत्रं वाचून घ्यायला येत, अर्ज लिहून घ्यायला येत. मी आधी थोडा भाव खात असे, मग सांगत असे. वडील ओट्यावर बसून येणाऱ्याला ऐकवत, "थांबा जरा, सायेब च्या प्याला लागल्यात." सायेब म्हणजे मी. मला ते ऐकायला फार गोड वाटे.

आमच्या घरासमोर एका खोलीत मावशी राहायच्या. त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. सगळी गल्लीच त्यांना मावशी म्हणे. नवरा लवकर गेलेला. उन्हाळ्यात त्या घरोघर वर्षाची चटणी कुटायला जात. मिरची, लसूण, खोबरं, मसाला, सगळं उखळात घालून सकाळपासून कुटायचं. हातांची आग दोन-दोन दिवस जात नसे; ताकाच्या भांड्यात बोटं बुडवून त्या दारात बसलेल्या दिसत. बाकीचं वर्ष कोणाच्या लग्नकार्यात भाकऱ्या थापून आणि कोणाचं धान्य निवडून जाई. त्यातूनच त्यांनी एक मुलगी वाढवली होती. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. तिला भाऊ नव्हता, मला बहीण नव्हती; भाऊबीजेला ती मला ओवाळायची आणि ताटात काय पडलं ते तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर उचलून बघायची. कमी वाटलं तर तोंड वाकडं करायची. मला तिचा राग यायचा आणि पुढच्या वर्षी मी जास्त घालायचो.

तिचं लग्न कागलच्या पलीकडच्या एका गावात झालं. घर खाऊनपिऊन बरं होतं, माणसं बरी नव्हती. तीन वर्षं झाली तरी मूल नाही, यावरून सासू बोलायची आणि नवरा हात उचलायचा. एकदा ती चपला हातात घेऊन चालत कागलपर्यंत आली आणि तिथून कोणाच्या तरी गाडीनं माहेरी पोचली. पाठीवर वळ होते. माझ्या आईनं ते पाहिले आणि बाहेर येऊन नुसतीच बसून राहिली. आठ दिवसांनी गल्लीतले थोर लोक मावशींच्या दारात जमले. माझे वडीलही त्यात होते. कोणी मुलीला वाईट म्हणालं नाही. प्रश्न एकच होता: हिला पोसणार कोण? मावशींच्या एका पोटाचीच मारामार. मग बायकांनी मुलीची ओटी भरली आणि दोन माणसं तिला सासरी पोचवून आली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं होतं. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

त्यानंतर वर्षभरानं मावशींचा भाऊ वारला. तो पेठ वडगावजवळ राहायचा, थोडी जमीन होती, मूलबाळ नव्हतं. मरण्याआधी त्यानं सगळं बहिणीच्या नावानं लिहून ठेवलं होतं. भावकीनं जरा कुरकुर केली, मग पंचांसमक्ष जमीन स्वतःच विकत घेतली आणि मावशींच्या पदरात पैसे घातले. दोन चांगल्या दुभत्या म्हशी आणि वर त्यांच्या गोठ्याचं छप्पर होईल एवढा तो पैसा होता. म्हशींचं माप मी उगाच सांगत नाही. मावशींनी तो पैसा पहिल्या दिवसापासून त्याच मापानं मोजला होता.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्लेही लगेच आले. गुजरीतल्या एका ओळखीच्या सोनारानं सांगितलं, पाटल्या करा, सोनं कधी दगा देत नाही. त्याला पाटल्या घडवायच्या होत्या. गल्लीतला एक जण स्टुडिओत दिवे उचलायच्या कामाला होता. तो म्हणाला, नवीन पिक्चर निघतंय, भागीत पैसे घाला, पडद्यावर पुढच्या सालात दुप्पट होऊन दिसतील. तालमीचे वस्ताद म्हणाले, "म्हस घे. दुधासारखी दौलत न्हाय." वस्ताद रोज सकाळी शेरभर दूध पीत असत. ज्याच्या त्याच्या सल्ल्यात ज्याचं त्याचं पोट होतं, हे मी तेव्हा हसत हसत घरी सांगितलं. माझ्या सल्ल्यात कोणाचं पोट होतं, ते मात्र मला दिसलं नाही. आमच्या मॅनेजरनी त्या महिन्यात सगळ्या कारकुनांना ठेवी आणायला सांगितलं होतं.

एका रविवारी मावशी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. लुगड्याचा पदर डोक्यावरून नीट घेतलेला, म्हणजे कामाचं बोलायचं होतं.

"बाळ, तू शिकलेला हाईस. म्हनून इचारतो," त्या म्हणाल्या. "भावाचा पैसा हाय. ह्यो माझा न्हवं. मामाचा पैसा भाचीचाच असतोय. दोन म्हशी घ्याव्या म्हनतो. वस्ताद तालमीच्या मागं जागा देतो म्हनल्यात. पोरीला हिकडं आनतो. सकाळी गंगावेशीला म्हशी न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या म्होरं धार काढायची. दोगींचं पोट भरंल का न्हाय, एवढं हिशेब करून सांग."

सगळं त्यांनी ठरवलेलं होतं. गल्लीनं वर्षापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या घेऊन आल्या होत्या. माझ्याकडून त्यांना फक्त हो हवं होतं. आणि मी काय केलं? मी पेन काढलं.

चारा किती, पेंड किती, म्हैस आटली की काय, रोग आला की काय, दुधाचा भाव पडला की काय, असं एकेक त्यांच्यापुढे मांडत गेलो. मला चढतच गेली. शेवटी मी म्हणालो, "मावशी, म्हैस आज आहे, उद्या नाही. म्हैस मरते. बँकेतला पैसा मरत नाही. तीन वर्षं ठेव ठेवा. व्याजासकट पैसा हातात येईल, मग म्हशी घ्या, लेकीला आणा, काय हवं ते करा."

"तीन वर्सं?" त्या म्हणाल्या. "तवर पोरगीनं काय करायचं?"

मी जे उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "चार काढली, तीन काय!"

माझे वडील मान हलवत होते, लेकाचा मुद्दा पटल्यासारखी. मावशींनी हातांकडे पाहिलं, चटणीनं तडकलेली बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाल्या, "तुला कळतंय म्हनतोस तर तसं." दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना सांगितलं की ठेव येते आहे. ते मला शाब्बास म्हणाले.

पण ठेव ठेवायच्या आधीच जावई आला. चार वर्षांत तो पहिल्यांदाच सासूच्या दारात आला होता, गुळाची ढेप घेऊन. सासूच्या तब्येतीची चौकशी केली, खोलीचं छप्पर गळतं का विचारलं, आणि जाताना सहज म्हणावं तसं म्हणाला, पैसा बाईमाणसानं जवळ ठेवू नये. मावशी घाबरल्या. हा मला गोड बोलून, नाहीतर पोरीचे हाल करून पैसा काढून घेईल, अशी त्यांना धास्ती पडली.

इथे माझी खरी हुशारी आली. मी म्हणालो, ठेव दोघींच्या नावे करू, आईच्या आणि लेकीच्या. आणि अशी करू की दोघींनी एकत्र बँकेत येऊन अंगठे उठवल्याशिवाय पैसा सुटणार नाही. जावयानं तुम्हाला गाठलं तरी एकट्या तुम्ही काढू शकणार नाही. तिला मारझोड केली तरी एकटी ती काढू शकणार नाही. त्याचे हात बांधले गेले. मावशींना ते इतकं आवडलं की त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. वडिलांनी ती युक्ती ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. मीही बँकेत सांगितली. आमचे एक म्हातारे कॅशियर होते, ते तेवढे म्हणाले, "कुलूप चांगलं आहे. पण किल्ली कोणाच्या घरात राहते, ते बघितलंस का?" मला वाटलं, म्हातारा जळतो.

नवरात्रात मुलगी एक दिवसासाठी आली. पैशाला बायकोचं नाव लागतंय म्हणून नवऱ्यानं तिला आनंदानं पाठवलं होतं. देवीचं दर्शन करून मायलेकी बँकेत आल्या. मी त्यांना खुर्च्या दिल्या. मुलीचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला, पण ठसा नीट उठेना. शेतात भांगलणीचं तण उपटून अंगठ्याला चिरा पडल्या होत्या. तीनदा घ्यावा लागला. तिसऱ्यांदा ती हसली. पूर्वी ओवाळणी बघून हसायची तशी. मग शाईचं बोट पदराला पुसत तिनं विचारलं, "दादा, आनि मला याय जमलं न्हाय तर?"

"का नाही जमणार?" मी म्हणालो.

तिनं पुन्हा विचारलं नाही. दादाला कळतं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं होतं.

पुढचे सहा-सात महिने काही घडलं नाही, निदान आमच्या गल्लीत तरी. मग उन्हाळा संपता संपता बांगड्या भरायला त्या बाजूच्या गावांत फिरणारी एक कासारीण मावशींकडे आली. तिनं सांगितलं, तुमच्या लेकीच्या हातात बांगडी राहत नाही, कोपरापर्यंत वर जाते. अंगात ताप असतो आणि तशीच रानात जाते. पैसा आईकडून काढून आण म्हणून घरात रोज तमाशा चालतो.

मावशी तशाच बँकेत आल्या. पावती त्यांनी पदरात बांधून आणली होती. "बाळ, मोड ही. व्याज न्हाय मिळालं तर न्हाय. पोरीला घेऊन येतो, म्हस घेतो."

मी पावती हातात घेतली आणि तेव्हा कुठे मला माझी युक्ती उलट्या बाजूनं दिसली. मुलीला आणायला पैसा हवा होता, आणि पैसा काढायला मुलगी हवी होती. मी मॅनेजरकडे गेलो. ते म्हणाले, अट तुम्हीच घालून घेतली आहे, बँक काय करणार? कागद तिकडे नेऊन तिचा अंगठा घेऊन या, मी चालवून घेतो. यात त्यांची काही चूक नव्हती. उलट त्यांनी नियम थोडा वाकवलाच.

आधी मावशी एकट्या गेल्या. त्यांना सोप्यावरूनच परत लावलं. आजारी आहे, निजली आहे, पैसे इथं आणा आणि मग लेकीला भेटा, असं सांगितलं. त्यानंतर मी एक दिवसाची रजा काढली. पिशवीत कागद, शाईचा डबा आणि टीपकागद घेतला. कागलपर्यंत एसटीनं गेलो, पुढे चालत. वाटेत मावशी एकच वाक्य दोन-तीनदा बोलल्या, "अंगठाच तर द्यायचाय, त्यात काय."

त्या घरात आमचं स्वागत चांगलं झालं. बँकेचे साहेब आले म्हणून घोंगडं अंथरलं, चहा केला. जावई माझ्याशी अहो-जाहो करून बोलत होता. "अंगठा देतीया की, न्हाय कोन म्हनतंय? पर पैसा हितं आमच्या म्होरं द्यायचा. आनि बायकू हितंच ऱ्हानार." मी त्याला बँकेचे नियम सांगू लागलो. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि मधेच त्यानं कागद माझ्या हातातून अलगद घेतला. "वाचून घेतो," म्हणाला आणि घडी करून बंडीच्या खिशात घातला.

तेवढ्यात ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तिला ओळखलं ते आवाजावरून. ती माझ्यासमोर तांब्या ठेवायला वाकली आणि हळूच म्हणाली, "दादा, आत्ताच न्हे की मला."

अंगठा घ्या, असं ती म्हणाली नाही. पैशाचं ती काहीच बोलली नाही. मला न्या म्हणाली.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्या घरात त्या वेळी जावई, त्याची आई आणि एक म्हातारा, एवढीच माणसं होती. मी उठून तिच्या दंडाला धरलं असतं तर कोणी मला मारलं नसतं. मारलं असतं तर दोन तडाखे बसले असते, एवढंच. एसटी साडेचारला होती. आमच्या घरात तेव्हा पाच माणसं जेवत होती, सहावं जेवलं असतं. गल्लीत तीस चुली होत्या. हे सगळं मला आज सुचतं. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की कागद त्याच्या खिशात गेला आहे आणि नवा कागद आणावा लागेल. मी म्हणालो, "चार दिवसांनी रीतसर येतो. तोपर्यंत तुम्ही विचार करून ठेवा."

परत येताना कागलला एसटीची वाट बघत उभे होतो तेव्हा मावशींनी माझ्या हातातली पिशवी घेतली, शाईचा डबा कलंडून सांडला होता तो सरळ केला आणि पिशवी मला परत दिली.

चार दिवसांनी जायचं ते जमलं नाही. मॅनेजरनी रजा दिली नाही. हे कारण खरं आहे, आणि मी ते स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते कारण म्हणून राहिलेलंच नाही. अकराव्या दिवशी सकाळी त्या गावचा एक माणूस निरोप घेऊन आला. आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. ताप डोक्यात गेला, असं सांगितलं. मावशींना लेकीचं तोंडही दिसलं नाही. अंगणात उभ्या राहून त्यांनी एवढंच विचारलं, "तिचं लुगडं कुठाय?" कोणीतरी एक जुनेर आणून दिलं. ते त्यांनी काखेत धरलं आणि आम्ही परत निघालो.

महिन्याभरात जावई बँकेत आला. माझ्याच टेबलापुढे. मुलीच्या मृत्यूचा दाखला त्याच्या हातात होता. बायकोच्या नावावर ठेव आहे, मूलबाळ नाही, वारस मी आहे, असं त्याला कोणीतरी व्यवस्थित समजावून पाठवलं होतं. मी त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही, पण दाखला घ्यावाच लागला.

मी मावशींना घेऊन एका वकिलांकडे गेलो. वकील भला माणूस होता, फी मागितली नाही. म्हणाला, मार्ग आहे. पैसा सगळा तुमचा होता आणि मुलीचं नाव नुसतं सोयीसाठी घातलं होतं, तिचा त्या पैशाशी काही संबंध नव्हता, असं तुम्ही लिहून द्या. भांडू आपण, आणि बहुतेक जिंकू.

मावशींनी मला विचारलं, "काय लिवून द्यायचं म्हंत्यात?" मी सांगितलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "पैसा तिचाच हुता. मामानं भाचीला दिलता. तिचा न्हवता असं मी कसं लिवून देऊ? मेल्याव तेवढं बी काढून घिऊ व्हय तिचं?"

वकिलानं माझ्याकडे पाहिलं, तू समजाव म्हणून. मी पहिल्यांदाच सल्ला दिला नाही. नेमका ज्या दिवशी द्यायला हवा होता त्या दिवशी दिला नाही, असंही कोणी म्हणेल. काय खरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ठेव मोडली आणि तिचे दोन सारखे भाग झाले. कागद मी तयार केले, कारण ते माझंच टेबल होतं. एका कागदावर मावशींचा अंगठा घेतला, दुसऱ्यावर जावयानं सही केली. त्याला सही येत होती.

काही महिन्यांनी मावशींनी एक गाभण म्हैस विकत घेतली. वस्तादांनी तालमीमागची जागा दिली, पैसे घेतले नाहीत. तालमीतल्या पोरांनी छप्पर घातलं. चटणी कुटायला जाणं मावशींनी बंद केलं. जावयानं दुसरं लग्न केलं, आणि कासारणीनं असंही सांगितलं की त्यानं त्याच्या वाटणीच्या पैशातून म्हैसच घेतली. म्हणजे म्हशी दोनच झाल्या, मावशींनी ठरवल्या होत्या तेवढ्याच; एक त्यांच्या दारात, एक त्याच्या. गल्लीत कोणी मला काही बोललं नाही. अर्ज लिहून घ्यायला लोक येतच राहिले. वडील मात्र मला सायेब म्हणायचं थांबले. मी बँकेत जायची वाट बदलली. तालमीवरून न जाता लांबच्या बोळातून जाऊ लागलो.

म्हैस व्याली त्या दिवशी मावशींनी खरवस केला आणि वाट्या भरून सगळ्या गल्लीत वाटला. शेवटी त्या आमच्याकडे आल्या. मी ओट्यावर होतो. उठून आत जाणार होतो, पण त्यांनी वाटी पुढे केली होती.

"खा," त्या म्हणाल्या. "ऊन हाय तवर खा."

मी एक घास घेतला. तो गिळेपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

"म्हस मरती म्हनलातास न्हवं तू?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. एखाद्यानं सांगितलेली गोष्ट तशी झाली नाही, तर ती त्याच्या कानावर घालावी, तशा त्या बोलत होत्या. "न्हाय मेली बघ. चांगली हाय. वासरू बी चांगलं हाय."

मग वाटी परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला. वाटी रिकामी परत देत नाहीत, म्हणून आईनं आतून मूठभर साखर आणून तिच्यात घातली. मावशी साखर घेऊन तालमीकडे गेल्या, कारण धारेची वेळ झाली होती.

ती म्हैस पुढे नऊ वर्षं जगली.